सोशल वर्करला बिलाच्या खिडकीवरून उठवा

पक्षाघाताच्या पेशंटला घरी सोडतात म्हणजे नेमकं काय करतात, ते एकदा न्यूरो वॉर्डाच्या दारात उभं राहून बघा. सकाळच्या राउंडला डॉक्टर म्हणतात, "आता घरी न्या, फिजिओ चालू ठेवा." दुपारपर्यंत बिल होतं. संध्याकाळी माणूस स्ट्रेचरवरून गाडीत जातो. हातात समरीचा कागद: गोळ्यांची नावं, पुढची तारीख आणि खाली एक ओळ, व्यायाम घरी चालू ठेवावेत. कुठल्या घरी, ते त्या कागदावर कुठेच नसतं.

घर तिसऱ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाही. किंवा चाळीतली एक खोली आहे, संडास गॅलरीच्या टोकाला आणि तोही उकिडवं बसायचा. बायको सकाळी सातला कामाला बाहेर पडते. मुलगी दहावीला. सासूबाईंचे स्वतःचेच गुडघे गेलेले. आता सांगा, याची दर दोन तासांनी कूस कोण बदलणार? नाकातल्या नळीतून पेज कोण घालणार? मोरीपर्यंत कोण धरून नेणार? वॉर्डात दोन्ही बाजूंनी धरल्यावर वीस पावलं टाकणारा माणूस घरी गेल्यावर पलंगाला खिळतो, पाठीला जखमा होतात, आणि महिन्या-दोन महिन्यांनी त्याच रुग्णालयात ताप आणि न्यूमोनिया घेऊन परत येतो. मग नातेवाइकांना बोलणी: "तुम्ही नीट लक्ष दिलं नाही."

लक्ष रुग्णालयाने दिलं नाही. माझं म्हणणं एवढंच आहे आणि ते मी जोरात म्हणणार आहे.

हे सगळे प्रश्न विचारणं हेच ज्याचं काम, असा एक माणूस टीममध्ये असतो. निदान असायला हवा. न्यूरॉलॉजिस्ट मेंदू बघतात, फिजिओ हातपाय बघतात, ऑक्युपेशनल थेरपिस्ट रोजच्या हालचाली परत शिकवतात, स्पीच थेरपिस्ट बोलणं आणि गिळणं. त्या माणसाचं घर, पगार, कर्ज, भाऊबंद, नोकरी हे बघतो मेडिकल सोशल वर्कर. आपल्या सरकारी रुग्णालयांत पदाचं नाव समाजसेवा अधीक्षक. पेशंटच्या तोंडी 'सोशल वर्कर मॅडम'. आणि या मॅडम तुम्हाला भेटतात कुठे? बिलाच्या खिडकीशेजारी. सवलतीच्या अर्जांच्या गठ्ठ्यामागे.

धर्मादाय रुग्णालयांत 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या, ही योजना मुंबई उच्च न्यायालयाच्या 2006 च्या आदेशाने बांधली गेली. फार मोलाची योजना. पण तिचे दाखले तपासणं, रेशनकार्डाच्या झेरॉक्स लावणं, ट्रस्टांना पत्रं लिहिणं यातच या प्रशिक्षित माणसांचा दिवस संपतो. दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी घेऊन आलेल्या बाईला आपण झेरॉक्स मोजायला बसवलंय. त्या कामाला वेगळा कारकून नेमा. तो मिळतो.

ही काही काल-परवा निघालेली कल्पना नाही. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये डॉ. रिचर्ड कॅबट यांनी 1905 मध्ये सोशल वर्करना दवाखान्यात आणलं, कारण आपण लिहून दिलेलं औषध पेशंटच्या घरी जाऊन का फसतं हे त्यांना कळत नव्हतं. आपल्याकडे 1946 मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात पहिली नेमणूक झाली. पाठोपाठ टाटा समाजविज्ञान संस्थेत या विषयाचं खास शिक्षण सुरू झालं. म्हणजे मुंबईत हे काम देशात सगळ्यात आधी आलं आणि त्याच मुंबईत आज न्यूरो वॉर्डातल्या नातेवाइकाला विचारलं, "सोशल वर्करना भेटलात का?" तर तो म्हणतो, "नाही हो, बिलात काही अडचण नाही आमची."

आता नोकरीचं बघा. इथे खरी माणसं बुडतात. समजा, पंचेचाळिशीतला एसटीचा चालक आहे. उजवी बाजू गेली. आता गाडी चालवणं शक्य नाही. घरचे घाबरलेले, हाताशी पैसा नाही. कोणीतरी शहाणा सांगतो, राजीनामा देऊन टाक, फंड मोकळा होईल. तो डाव्या हाताने अंगठा उठवतो. संपलं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम 20 मध्ये स्पष्ट लिहिलंय की सरकारी आस्थापनेतल्या कर्मचाऱ्याला नोकरीत असताना अपंगत्व आलं तर त्याला काढता येत नाही, खालच्या पदावर टाकता येत नाही. ते काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरं काम द्यायचं, आणि तसं पद रिकामं नसेल तर जादा पद निर्माण करून त्याला त्यावर ठेवायचं. हे त्या चालकाला सांगणार कोण? न्यूरॉलॉजिस्टना कलम 20 पाठ नसतं, आणि तशी अपेक्षाही नाही. सोशल वर्करला ते माहीत असतं. पण तिची आणि त्याची गाठ राजीनाम्यानंतर पडते, दिव्यांग प्रमाणपत्राच्या अर्जावर.

खासगी कारखान्यातल्या कामगाराला हे कलम वाचवत नाही. पण त्याचा पगार ईएसआयच्या, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याच्या, मर्यादेत असेल तर नेहमीच्या आजारपणाच्या भत्त्याचे 91 दिवस संपल्यावरही दार बंद होत नाही. दीर्घ आजारांच्या यादीत अर्ध्या अंगाचा लकवा आहे, दोन्ही पाय जाणं आहे, पार्किन्सन्स आहे. नोकरी पुरेशा काळाची असेल तर पगाराच्या 80 टक्के रक्कम दोन वर्षांपर्यंत मिळू शकते. दोन वर्षं! पक्षाघातातून उठायला मेंदूला जो काळ लागतो, त्या काळात घरात चूल पेटती राहण्याची ही सोय आहे. किती कामगारांच्या बायकांना ती ठाऊक असते? मुदतीत सर्टिफिकेट सादर न केल्याने किती जणांचे पैसे लटकतात?

आणि बँक. मेंदूच्या डाव्या बाजूला मार बसलेल्या पुष्कळ माणसांची वाचा जाते, उजवा हात जातो, सही जाते. खात्यात पैसे आहेत, खातं एकट्याच्या नावावर, आणि बायको काउंटरवर रडते आहे. रिझर्व्ह बँकेच्या सूचना आहेत की अशा आजारी खातेदाराच्या हाताच्या, नाहीतर पायाच्या अंगठ्याचा ठसा चालतो. बँकेच्या ओळखीचे दोन साक्षीदार हवेत, त्यातला एक बँकेचाच जबाबदार अधिकारी. म्हणजे अधिकाऱ्याने उठून पेशंटच्या खाटेपर्यंत यायला हवं. एक फोन सोशल वर्करचा गेला, नियम वाचून दाखवला, की अधिकारी येतो. तोच फोन बायकोने केला की, "साहेब मीटिंगमध्ये आहेत."

डोक्याला मार लागलेल्यांची कथा याहून वेगळी आणि याहून एकाकी. बाइकवरून पडलेला तिशीतला तरुण. हातपाय शाबूत, चालतो, बोलतो, स्कॅन सुधारलेला. रुग्णालयाच्या दृष्टीने बरा. घरी मात्र तो ताट भिरकावतो, चारचौघांत नको ते बोलतो, दहा मिनिटांपूर्वीचं विसरतो, दिवसभर भिंतीकडे बघत बसतो. आई म्हणते, आजारपणात लाडावला. बायको म्हणते, हा माझा नवराच नव्हे. भाऊ हात उगारतो. मेंदूच्या पुढच्या भागाला इजा झाली की स्वभावावरचा ताबा सुटतो, तो हे मुद्दाम करत नाही, हे त्या घराला कोणीतरी बसून, पुन्हा पुन्हा, त्यांच्या भाषेत सांगावं लागतं. आधी आईला, मग बायकोला वेगळं, मग भावाला. त्या बायकोला मारहाण होत असेल तर तिच्या सुरक्षेचाही विचार करावा लागतो. राउंडच्या तीन मिनिटांत हे होत नाही.

कुठल्याशा गावच्या लकव्याच्या औषधाचंही तसंच. घरोघर ते आणतात, आणि आणल्यावर रक्तदाबाची आणि रक्त पातळ ठेवण्याची गोळी गुपचूप बंद करतात. डॉक्टर ओरडतील म्हणून डॉक्टरांना सांगत नाहीत. सोशल वर्करला सांगतात, कारण ती ओरडत नाही. "तेल लावायचं तर लावा, पण ही गोळी सोडू नका," असं तिने वेळेत म्हटलं तर दुसरा झटका टळू शकतो.

मला माहीत आहे, लगेच उत्तर येईल: इथे फिजिओ पुरेसे नाहीत, सोशल वर्कर कुठून आणायचे? हे उत्तर मला मान्य नाही. एमआरआयचं यंत्र आणताना कोणी असं म्हणत नाही. बंगळुरूच्या निमहान्समध्ये सोशल वर्कर न्यूरॉलॉजी, न्यूरोसर्जरी आणि पुनर्वसनाच्या वॉर्डांत काम करतात, तेही याच देशात. ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांत पक्षाघात पुनर्वसनाच्या मुख्य टीममध्येच सोशल वर्कर मोजलाय, फिजिओच्या शेजारी. आपल्या 2021 च्या आरोग्यसेवा व्यावसायिक कायद्याच्या परिशिष्टातही मेडिकल सोशल वर्कर आहे. कायद्याने जागा दिली. वॉर्डाने खुर्ची दिली नाही.

करायचं काय, ते फार अवघड नाही. पेशंट आयसीयूतून वॉर्डात आला की पहिल्या आठवड्यात सोशल वर्करने घरच्यांशी बोलावं, घर कसं आहे ते समजून घ्यावं, जमलं तर बघून यावं, न जमलं तर मोबाइलवर संडासाचा आणि जिन्याचा फोटो मागवावा. टीमच्या बैठकीत तिने बोलल्याशिवाय घरी सोडण्याची तारीख ठरू नये. "या घरी या माणसाला आत्ता पाठवता येणार नाही," असं तिने म्हटलं तर ते सर्जनच्या मताइतकंच ऐकलं जावं. आणि घरी गेल्यावर पहिल्या पंधरवड्यात तिचा फोन जावा. तेवढ्यासाठी बिलाच्या खिडकीवरून तिला उठवावं लागेल. उठवा.

वाचकहो, हे वाचून पान उलटू नका. पक्षाघात, अपघात, पाठीच्या कण्याची इजा सांगून येत नाहीत. आपल्यापैकी कोणाच्या घरात असं कोणी न्यूरो वॉर्डात असेल, तर बिलाची अडचण असो वा नसो, पहिल्याच आठवड्यात सांगा की आम्हाला मेडिकल सोशल वर्करना भेटायचं आहे. भेटायला जाताना नोकरीचे कागद, ईएसआयचं कार्ड आणि बँकेचं पासबुक सोबत न्या. त्यांना भेटेपर्यंत कुठल्याही राजीनाम्यावर सही किंवा अंगठा देऊ नका. आणि रुग्णालय म्हणालं की आमच्याकडे असं कोणी नाही, तर म्हणा, तेवढंच लेखी द्या.