कलप आणि कांचन

ताई, अहो ताई! जरा इकडे या बघू कुंपणाशी. कढीपत्ता मग तोडा, तो कुठे पळून जातोय. मघाशी आमच्याकडे कुरिअरवाला येऊन गेला, तुम्ही खिडकीतून पाहिलंतच. पाहिलंत हो, पडदा हलला की. असू दे, मी तरी कुठे लपवतेय? आलं आणखी एक.

कितवं म्हणून विचारू नका. दिवाळीत कपाट आवरलं तेव्हा एकेचाळीस होती. माणसाला मनगटं दोन, त्यातलं घड्याळाच्या कामाचं एक. उरलेली चाळीस काय पायात बांधायची?

आणि सकाळचा तो सोहळा! आंघोळ झाली, देवाला दोन फुलं टाकली, की हे बसलेच घड्याळांना चावी द्यायला. चावीची आठ-दहा घड्याळं पंचावर ओळीने मांडायची. एकदा चावी भरली की दीडेक दिवस चालतं, म्हणून रोज ठरल्या वेळेला द्यायची म्हणे. शेवटच्या पिळाला बोटाला कळतं, तिथे थांबायचं, पुढे जोर लावायचा नाही. इतक्या हळुवार हाताने यांनी कधी बाळाचं झबलंसुद्धा बदललं नाही. मग एकेक कानाशी धरायचं. मलाही बोलावतात, "ऐक, सेकंदाला पाच ठोके." तासाला 18,000 होतात, मला पाठ झालंय आता. आणि सेलच्या घड्याळात तो गारेचा तुकडा असतो ना, तो सेकंदाला 32,768 वेळा थरथरतो, म्हणून त्याची वेळ चुकत नाही. मी म्हटलं, मग तेच बरं की! यांची आठ घड्याळं आठ वेळा दाखवतात. एक मिनिटभर पुढे, एक दोन मिनिटं मागे. परवा साताऱ्याची एसटी गाठायची होती, तेव्हा साहेबांनी वेळ कशात पाहिली? मोबाइलमध्ये!

नाही हो, ती लाखांची परदेशी घड्याळं नाहीत. तेवढी अक्कल शाबूत आहे, आणि नसती तरी पेन्शन आहेच हात धरायला. यांचा जीव एचएमटीवर. जनता, पायलट, सोना, कोहिनूर, जवान... हसू नका, ही घड्याळांची नावं आहेत. 1961 साली बंगळूरला जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीने कारखाना निघाला आणि पहिली घड्याळं नेहरूंच्या हस्ते बाहेर आली, ही कथा आमच्याकडे सत्यनारायणाच्या पोथीसारखी आल्यागेल्याला ऐकावी लागते. मग तुमकूर, श्रीनगर, राणीबाग हे पुढचे अध्याय. कळस असा की 1987 पासून टायटनची सेलची घड्याळं दुकानात दिसायला लागली, चावी फिरवायचा लोकांना कंटाळा आला, आणि 2016 मध्ये सरकारने एचएमटीचा घड्याळांचा धंदा बंद करायचा निर्णय घेतला. तिथे यांचा आवाज बसतो. प्रसाद तेवढा मी देते, चहाचा.

तसं यांचं खूळ सुरू झालं ते माझ्या सासऱ्यांच्या जनतापासून. पांढरी तबकडी, देवनागरीत 'जनता' लिहिलेलं, सतरा खड्यांचं मशीन. नोकरीची पंचवीस वर्षं झाली तेव्हा ऑफिसात मिळालेलं. मामंजी गेल्यावर ते ड्रॉवरमध्ये पडून होतं. एकदा यांनी सहज चावी दिली आणि ते चालू झालं. बारा वर्षं बंद होतं हो! मग त्याला सोबत म्हणून पायलट आलं, काळ्या तबकडीचं. मग पायलटला सोबत. असा संसार वाढला.

आता दर रविवारी जुना बाजार. बुधवारीही भरतो, पण बुधवारी माझी भिशी असते, घरी कुणीतरी लागतं. तिथे गंजके पान्हे, पितळी दिवे, फुटकी भिंगं, त्यातच पत्र्याच्या डब्यात घड्याळं. मीही गेले दोन-तीनदा. काय आहे, एकटं सोडलं तर पाकीट रिकामं करून येतात. तिथलं एक घड्याळ मात्र माझ्या मनातून जात नाही. साधंच जनता, काच पिवळी पडलेली. पण मागच्या झाकणावर कोरलंय, 'चि. बाळूस, ताईकडून, 1974'. दीडशे रुपयांत मिळालं. हे खूश, कारण मशीन अस्सल. मी रात्रभर विचार करतेय, कोण हा बाळू? मॅट्रिक झाला असेल, की नोकरी लागली असेल? त्या काळात बहिणीने पगारातून पैसे साठवले असणार. मग विकलं कुणी? बाळूने नाही हो विकणार. सून असेल, नाहीतर नातू. हे म्हणतात, काही जण असं कोरलेलं घेत नाहीत, किंमत पडते. पडू दे. ते मी यांना विकू देणार नाही.

आणि हो, आमची टूथपेस्ट महिन्याला दोन लागते, ती का? दात घासायला नव्हे. या जुन्या घड्याळांची काच प्लॅस्टिकची असते, ओरखडे पडले की फडक्यावर पेस्ट घेऊन गोल गोल घासायची. खरंच निघतात हो ओरखडे! पण तेवढंच करायचं. आतल्या तबकडीला हात लावलेला यांना खपत नाही. आणि त्याच्यावरूनच तर परवा कोपऱ्यावरच्या अण्णांचं झालं ना! तुम्हाला नाही कळलं? मग ऐका, पण तुमच्यापाशीच ठेवा.

अण्णांच्या वडिलांचं फाव्र-ल्यूबा होतं. ती स्विस कंपनी मुंबईत 1865 पासून होती म्हणे, त्यामुळे जुन्या सुखवस्तू घरांत एखादं तरी सापडतंच. याची तबकडी दुधाच्या चहासारखी झाली होती, कडेला ओल लागून दोन ठिपके. हे अण्णांना सांगून सांगून थकले, आतून साफ करून घ्या, तेलपाणी करा, पण चेहरा राहू द्या. अण्णा कुणाचं ऐकतात? दिलं एका घड्याळजीकडे. आठ दिवसांनी आलं ते पांढरंधोप, निळे आकडे, लाल सेकंदकाटा. नव्या नवरीसारखं! अण्णा मिरवत आमच्याकडे आले. यांनी डोळ्याला भिंग लावलं आणि चेहरा असा पडला, की मला वाटलं कोण गेलं. सहाच्या आकड्याखाली बारीक अक्षरांत 'स्विस मेड' असतं ना, ते गायब. कंपनीच्या नावाची अक्षरं जाडीभरडी, भिंतीवर निवडणुकीचं रंगवतात तशी. मिनिटांच्या रेघा काट्याशी जुळेनात. अण्णा विचारतायत, "आता किती येतील हो याचे?" हे काही बोललेच नाहीत. मीच मधे पडून पोहे आणले.

याला रिडायल म्हणतात. आपली हवा फार दमट, तबकड्या खराब होतात, आतलं मशीन मात्र ठणठणीत. मग जुनं मशीन, रंगवलेली तबकडी, दुसऱ्याचेच काटे, घासून घासून कडा गोल झालेली केस, असं सगळं जोडून चकाचक घड्याळ करतात आणि परदेशात पाठवतात. सीको फाइव्ह तर ढिगाने! आमचा भाचा जर्मनीत आहे, तो सांगत होता, तिकडच्या हौशी लोकांनी या घड्याळांना नावच ठेवलंय, 'मुंबई स्पेशल'. भेळेचं नाव वाटतं की नाही? पण ती शिवी आहे. यांनीही सुरुवातीला एक घेतलं होतं, ऑनलाइन, केशरी तबकडीचं. भाच्याने फोटो पाहिला आणि नुसता हसण्याचा बाहुला पाठवला. ते घड्याळ आता आमच्या नातवाच्या खेळण्यांत आहे.

पण ताई, खरी गंमत पुढेच आहे. अण्णा गेल्यावर यांनी मला अर्धा तास ऐकवलं. म्हातारपण आलं तर ते दिसू द्यावं, पिवळेपणा हा घड्याळाचा मान, रंग फासून तरुण करायचं म्हणजे त्याचा अपमान. मी भाजी चिरत ऐकत होते. सगळं झाल्यावर एवढंच विचारलं, "आणि दर पंधरा दिवसांनी न्हाणीघरात ती वाटी आणि ब्रश कशाला लागतो?" ... अहो कलप! यांचा कलप! डोक्याचं रिडायल चालतं, घड्याळाचं चालत नाही! दोन दिवस बोलले नाहीत माझ्याशी. चावी मात्र दोन्ही दिवस दिली, घड्याळांना.

पण खरं सांगू? खोटं नाही म्हणत हे. मामंजींच्या जनतावर चाराच्या आकड्याजवळ एक डाग आहे. रिडायल केलं तर दोनशे-चारशेत नवं होईल. पण ते सकाळी ओटीवर बसून घड्याळ लावायचे, तेव्हाही तो डाग होता. तो गेला तर मग ते कुणाचं घड्याळ?

काय म्हणालात? तुमच्याकडे? भावजींना लग्नात मिळालेलं? कुठलं... सोनेरी? वार-तारखेचं? ताई, कांचन तर नव्हे? ऑटोमॅटिक, हलवलं की चालू होतं, चावी द्यावी लागत नाही? अहो, तेव्हा जावई अडून बसायचे कांचनसाठी! दुकानात मिळायचं नाही, वशिला लावावा लागायचा. तुमच्या वडिलांनी कुठून पैदा केलं? आणि इतकी वर्षं शेजारी राहून आज सांगताय!

डबा आहे का त्याचा? पावती? पट्टा मूळचाच? बदलला असला तरी चालेल, पट्टा मिळतो. झाकण उघडलंय का कुणी? नाही ना, उघडू नका. पुसूही नका. आणि भावजींना म्हणावं घड्याळजीकडे मुळीच नेऊ नका, अण्णांचं ध्यानात ठेवा. वाराच्या खिडकीत हिंदी वार दिसतो की इंग्रजी?

थांबा, मी फाटकाने वळसा घालून येतेच. आणि हे विचारायला आले तर सांगा, कढीपत्ता न्यायला आले होते. यांना पत्ता लागू द्यायचा नाही. आधी मी बघते.