भरतीराव

सँ-मालोच्या लांबलचक पुळणीवर समुद्राकडे तोंड करून जी हॉटेलं उभी आहेत, त्यांपैकी कुठल्याही हॉटेलात उतरा, न्याहारीच्या दालनात खिडकीलगतचं कोपऱ्यातलं टेबल अडवलेलं असतं. त्यावर राखीव असल्याची पाटी नसते. पण नवख्याने तिथे बूड टेकलं, की वाढणारी मुलगी अशा लगबगीने येते की माणूस आपण होऊन उठतो. ते टेबल भरतीरावांचं. नाव अर्थात मी ठेवलेलं. खरं नाव फ्रेंच असतं आणि हॉटेलागणिक माणूसही वेगळा असतो. वाण मात्र एकच. साठी उलटलेली, नोकरी हिशेबखात्यात गेलेली, आणि राहायला समुद्रापासून जमेल तितकं लांब: ऑर्लेआंला, नाहीतर पॅरिसच्या एखाद्या उपनगरात.

ब्रिटनीच्या किनाऱ्यावर लोक येतात ते अंग सैल सोडायला. पॅरिसहून गाडी थेट येते, दोन-सव्वादोन तासांत. संध्याकाळी खोलीची खिडकी उघडायची, खारा वारा खायचा, खारं लोणी लावलेला पाव खायचा, आणि चार दिवस काही करायचं नाही. भरतीराव मात्र येतात ते समुद्र वेळेवर कामावर येतो की नाही हे पाहायला.

त्यांच्या खिशात तळहाताएवढी पुस्तिका असते. तीत वर्षभराच्या भरती-ओहोटीच्या वेळा, पाण्याची उंची, आणि शेवटच्या रकान्यात त्या दिवसाचे गुण. होय, फ्रान्समध्ये भरतीला गुण देतात, 20 ते 120. ब्रेस्ट बंदरावरून ते काढतात आणि सगळ्या अटलांटिक किनाऱ्याला लावतात. 70 म्हणजे मध्यम, 100 च्या पुढे गेलं की उधाण. भरतीराव सकाळी जिन्यात भेटले की नमस्काराऐवजी गुण सांगतात. "आज 96!" हे ते अशा थाटात म्हणतात की जणू पेपर त्यांनीच लिहिला. गुण 45 असले तर दिलगिरी व्यक्त करतात.

पहिल्याच ओळखीत त्यांनी मला विचारलं, "तुमच्याकडे किती?" मुंबईत फार तर पाच मीटर, मी म्हणालो. सँ-मालोत मोठ्या उधाणाला भरती-ओहोटीतला फरक बारा मीटरांच्या वर जातो. युरोपात इतका चढउतार फार थोड्या ठिकाणी आहे. भरतीरावांनी माझ्या दंडावर हात ठेवला. सुतकात ठेवतात तसा. देशाची अब्रू राखायची म्हणून मी सांगितलं की कोकणात पुस्तिका लागत नाही, तिथी कळली की पुरे: अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, "इथे पौर्णिमेनंतर दीड दिवसाने. चंद्र वेळेवर असतो. पाणी उशिरा पोहोचतं."

मग साखर आली. कॉफीसोबत मिळणारे साखरेचे चौकोनी तुकडे त्यांनी शेजारच्या दोन टेबलांवरून गोळा केले आणि बारा मोजून घेतले. पांढऱ्या टेबलक्लॉथवर पहिल्यांदा एक ठेवला. जरा अंतर सोडून दोन. मग तीन, पुन्हा तीन, मग दोन, शेवटी एक. ओहोटीपासून भरतीपर्यंत साधारण सहा तास. पहिल्या तासात पाणी बाराव्या हिश्शाने चढतं, दुसऱ्यात दोन हिश्शांनी, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन, आणि पुढे पुन्हा मंदावतं. "माणसं कुठे बुडतात?" असं विचारून त्यांनी मधल्या दोन ढिगांवर बोट आपटलं. एक तुकडा घरंगळून खाली गेला. तो शोधायला ते स्वतः टेबलाखाली वाकले, कारण अकरा तुकड्यांवर समुद्र चालत नाही. तोवर माझी कॉफी निवली होती. बिनसाखरेची प्यायलो, मागायची सोय नव्हती.

या माणसाचं खरं वैर आहे वायुभारमापकाशी. हवेचा दाब एका हेक्टोपास्कलने वाढला की समुद्राची पातळी साधारण एका सेंटिमीटरने दबते. हे शास्त्र खरं आहे, पण भरतीरावांना त्यात अफरातफर दिसते. आकाश निरभ्र, दाब 1033, लोक खुशीत खुर्च्या टाकून बसलेले, आणि हे हातात पुस्तिका घेऊन कठड्यापाशी उभे: वीस सेंटिमीटर कमी भरले! आयुष्यभर दुसऱ्यांच्या वह्यांत फरक शोधलेला माणूस. त्याला असं ऊन गोड कसं लागावं?

त्यांच्या पत्नीला यातलं काही ऐकू येत नाही. त्या सकाळी पांढरा झगा आणि रबरी सपाता घालून समुद्रस्नानाच्या उपचारांना जातात. तापवलेल्या समुद्राच्या पाण्याचे फवारे, शेवाळाचा लेप, वर गरम कांबळं. हा धंदा ब्रिटनीत जुना आहे. रोस्कॉफला डॉ. बागो यांनी 1899 साली अशी संस्था काढली. पण त्याची खरी चटक लावली एका सायकलपटूने. लुईझों बोबे हा ब्रिटनीचाच गडी. 1953, 54 आणि 55 अशी लागोपाठ तीन वर्षं त्याने टूर द फ्रान्स जिंकली, पुढे मोटार अपघातात पाय मोडला, रोस्कॉफच्या पाण्याने बरं वाटलं आणि 1964 मध्ये त्याने कीबेरोंला स्वतःचं केंद्र उघडलं. तेव्हापासून निम्मा फ्रान्स शेवाळ फासून घ्यायला पैसे मोजतो.

भरतीराव एकदाच गेले, तेही खोलीच्या भाड्यात एक उपचार फुकट होता म्हणून. फवारा सोडणाऱ्या मुलीने अदबीने विचारलं, "दाब ठीक आहे ना, मॉस्यू?" आतून उत्तर आलं, "सकाळी 1029 होता. आता उतरतोय." पुढे लेपात गुंडाळून ठेवल्यावर त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे तोंड करून ठेवायला सांगितलं म्हणे. ही माहिती मादामकडून, आणि त्या ती सांगताना अजिबात हसत नाहीत.

उधाणाचे दिवस आले, विशेषतः मार्च आणि सप्टेंबरातले, की हॉटेलात गंमत होते. त्या दिवसांत इथे भरती सकाळ-संध्याकाळ येते आणि ओहोटीचा तळ पडतो भर दुपारी. शिंपल्या गोळा करायच्या तर पाण्यामागे दीड-दोन तास आधी निघायचं. म्हणजे नेमकं फ्रेंच माणूस जेवायला बसतो तेव्हा. दुपारच्या जेवणाच्या वेळी हा देश कुणासाठी उठत नाही. भरतीरावांचा जावई मात्र उठतो, कारण भाडं सासऱ्याने भरलेलं असतं. गुडघ्यापर्यंत रबरी बूट, दाताळं, टोपली, शिंपल्या मोजायची पट्टी. ऑर्मो नावाचा मोठा शिंपला 9 सेंटिमीटरपेक्षा लहान असला तर कायद्याने परत ठेवावा लागतो. भरतीराव 9 वाला पण परत ठेवतात. मोजण्यात चूक झाली असेल म्हणून.

नळीसारखे लांबट शिंपले वाळूत उभे गाडलेले असतात. त्यांच्या बिळावर चिमूटभर मीठ टाकलं की ते आपण होऊन वर येतात आणि हाताने ओढून घ्यायचे. आता समुद्रकिनाऱ्यावर मीठ विकत कोण घेईल? हॉटेलातल्या टेबलांवरच्या मीठदाण्या उधाणाच्या दुपारी रिकाम्या का होतात, याचा छडा लागून बराच काळ झाला आहे. व्यवस्थापक काही बोलत नाही. फक्त त्या आठवड्यापुरती भरतीरावांच्या टेबलावर एक मोठी बरणी येऊन बसते.

दोन वाजता जावई भुकेला परततो तर खानावळींची स्वयंपाकघरं बंद. टोपलीत चार शिंपले. हॉटेलचा आचारी ते शिजवायला नकार देतो, मादाम न्हाणीघरात ठेवायला नकार देतात, आणि संध्याकाळच्या भरतीला ते रीतसर, वेळ पाहून, समुद्राला परत केले जातात. रात्री सगळं कुटुंब कांकालची कालवं विकत घेऊन खातं.

संध्याकाळी उधाण बांधावर येतं. पुळणीत रोवलेले ओकचे बुंधे लाटा फोडायचा प्रयत्न करतात, तरी वारा असेल तर पाणी रस्ता ओलांडून खिडक्यांवर थडकतं. जेवणारे घास हातात घेऊन काचेशी धावतात. भरतीराव बसूनच असतात. घड्याळ पाहतात, पुस्तिका पाहतात, आणि मान हलवतात, म्हणजे पाणी वेळेवर आलं. जवळच्या रांस नदीच्या मुखावर 1966 साली सुरू झालेलं भरतीवर चालणारं वीजकेंद्र आहे, तिकडे बोट दाखवून ते म्हणतात, "आख्ख्या फ्रान्समध्ये संपावर न जाणारा हा एवढा एकच कर्मचारी."

पोहतात का? छे. पाण्यात मी त्यांना घोट्याच्या वर कधी पाहिलं नाही.

21 मार्च 2015 ला 119 गुणांची भरती आली होती, तेव्हा ते इथे होते. अठरा वर्षांच्या अंतराने येणारी ही भरती. पुढची 3 मार्च 2033 ला. त्या रात्रीची खोली आताच राखून ठेवा, असा त्यांचा आग्रह आहे. स्वागतकक्षातली मुलगी दरवर्षी सांगते की संगणक इतक्या पुढची तारीख घेत नाही. मग ती कागदाच्या चिठ्ठीवर तारीख लिहून घेते आणि खणात टाकते. यंदा त्यांनी चिठ्ठीवर आणखी एक ओळ लिहायला लावली: खोली लिफ्टजवळची.

हे सगळं वाचून माणूस छळवादी वाटेल, आणि आहेच. पण तटबंदीसमोर ग्रां बे नावाचं बेट आहे, तिथे लेखक शातोब्रियांची समाधी आहे, आणि तिकडे फक्त ओहोटीला चालत जाता येतं. फोटो काढता काढता पाणी चढलं की परतीची वाट बुडते; मग निमूट वरच थांबायचं, पुन्हा ओहोटी होईपर्यंत पाच-सहा तास. तिथे धोक्याची पाटी आहे. ती कुणी वाचत नाही. भरतीराव तटावर दुर्बीण घेऊन उभे असतात आणि वेळ झाली की अनोळखी माणसांना दोन्ही हात हलवून ओरडून माघारी बोलावतात. लोक त्यांना वेडा समजतात, पण कोरड्या पायांनी परततात.

तेव्हा सँ-मालोला गेलात आणि ग्रां बेवर जायचं असेल, तर परतीची वेळ आधी त्यांना विचारून घ्या. उभ्या उभ्याच विचारा मात्र. खुर्ची ओढून बसू नका.