निखळलेला मुद्देमाल

मनुष्यदेहातील यच्चयावत अवयवांमध्ये दात हा एकच असा आहे की, जोवर तो मुखात आपल्या जागी रुजू असतो तोवर त्याची साधी विचारपूसही कोणी करीत नाही. परंतु एखाद्या आघाताने तो मुखाबाहेर पडला रे पडला की त्याच्याविषयी मत देण्याचा अधिकार अखिल आळीला आपोआप प्राप्त होतो. हाड मोडले तर लोक निदान हाडवैद्याचा पत्ता सांगून स्वस्थ बसतात. दात पडला असता मात्र सल्ला, शुश्रूषा आणि सांत्वन यांचा असा काही महापूर लोटतो की, ज्या अर्ध्या तासात तो दात वाचू शकला असता तो अर्धा तास त्या पुरात वाहून जातो. आणि माझे तर असे ठाम मत झाले आहे की, निखळलेल्या दाताला खरे भय चेंडूचे नसून चेंडूनंतर जमणाऱ्या सज्जनांचे आहे.

पुण्यातील आमच्या वाड्याच्या अंगणात उन्हाळ्याच्या सुट्टीत क्रिकेट चालते. अशाच एका डावात, जूनमध्ये पाचवीत जाणार असलेल्या एका फलंदाजाने उसळत्या चेंडूवर हूक मारण्याची महत्त्वाकांक्षा धरली; चेंडूने तिची यत्किंचितही दखल घेतली नाही, आणि फलंदाजाच्या वरच्या ओळीतील पटाशीचा एक दात मुळासकट निखळून तुळशीवृंदावनाच्या पायाशी जाऊन पडला. महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले तात्या सर्वप्रथम हजर झाले, आणि मुलाच्या तोंडातून रक्त वाहत असता त्यांनी घटनेची साद्यंत चौकशी आरंभिली: चेंडू कोणी टाकला, तो रबरी होता की सीझनचा, अंगणात खेळू नये अशी ताकीद पूर्वी दिली गेली होती की नाही, आणि दिली असल्यास कोणाच्या समक्ष. दात हा त्यांच्या दृष्टीने मुद्देमाल होता. सबब त्याला कोणी हात लावू नये, असे त्यांनी फर्मावले. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असे पडले की, पडलेला दात कौलावर भिरकावून देण्याची पूर्वापार वहिवाट असल्याने येथे मसलत करण्यासारखे काही नाही. तिसरा पक्ष मुलाच्या आईला धीर देण्यासाठी चहा टाकावयास गेला, आणि त्या चहाने वाड्यातील बहुतेक दूध संपविले.

तात्यांचे फर्मान झुगारून दात उचलला तो माईंनी. माईंचे सोवळे वाड्यात विख्यात आहे; मंडईतून आलेला नारळसुद्धा स्नान केल्यावाचून त्यांचा उंबरठा ओलांडीत नाही. मातीत पडलेला, रक्ताने माखलेला तो दात पाहून त्यांच्या अंतःकरणात वात्सल्य आणि शुचिता ही दोन्ही एकदम उचंबळून आली, आणि ‘थांब हो बाळा, आधी हा लख्ख करून देते,’ असे म्हणत त्या एका हाती दात व दुसऱ्या हाती राखुंडीची डबी घेऊन मोरीकडे निघाल्या.

कथानक क्षणभर मोरीच्या दाराशी थांबवून दाताच्या रचनेविषयी चार शब्द सांगणे येथे अगत्याचे आहे. दात जबड्याच्या हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये तंतूंचा एक थर असतो, जाडीने मिलिमीटरच्या चौथ्या हिश्श्याच्या आसपास, आणि दाताची सारी मदार या थरावर असते. दात निखळला म्हणजे हा थर फाटतो. काही भाग खोबणीत राहतो आणि काही मुळाला चिकटून बाहेर येतो. सोवळ्या दृष्टीला जो लेप मळ वाटतो त्यातच या जिवंत पेशी असतात, आणि त्या जिवंत असेतोवर दात खोबणीत परत बसविला तर दोन्ही बाजू पुन्हा जुळून येण्याची आशा असते. राखुंडीने घासल्या की त्या मेल्या. हवेत सुकल्या तरीही मेल्या, आणि ती मुदत फार अपुरी आहे: अर्ध्या तासानंतर त्यांची वाताहत वेगाने होते आणि कोरड्या स्थितीत तास उलटला की बहुधा कोणी शिल्लक राहत नाही. रुमालात गुंडाळून खिशात जपलेला दात डॉक्टरांपुढे ठेवणारा गृहस्थ कितीही कर्तव्यदक्ष दिसला, तरी त्याने आणलेली असते ती केवळ आठवण.

सुदैवाने आमच्या वरच्या मजल्यावर दंतवैद्यकाच्या शेवटच्या वर्षाला असलेली एक मुलगी भाड्याने राहते. ती धावत जिना उतरली आणि मोरीच्या दारातच माईंना आडवी झाली. ‘माई, घासू नका हो! मुळाला हात नको, वरच्या पांढऱ्या भागाला धरा. आणि थोडं दूध द्या, थंड.’ दूध म्हणताच जमलेल्या मंडळींनी आपापल्या हातातील कपांकडे पाहिले. अखेर विरजणासाठी काढून ठेवलेले वाटीभर दूध, रक्ताचा दात त्यात बुडणार या कल्पनेने डोळे घट्ट मिटून, माईंनीच तिच्या हवाली केले. तिने दात त्यात अलगद हलवून काढला, मुलाच्या कानाशी काही गोड बोलून तो खोबणीत हलकेच दाबून बसविला, घडी केलेला स्वच्छ रुमाल दातांखाली चावून धरावयास सांगितला आणि रिक्षा बोलाविली. हळद नाही, मीठ नाही, लवंगेचे तेल नाही. एवढ्या मोठ्या अनर्थावर एवढा आटोपशीर इलाज झालेला पाहून मंडळींची घोर निराशा झाली. तात्यांचा तर पंच कोण होता हा मुद्दा अजून निकालात निघावयाचा होता.

दुधाची ही प्रतिष्ठा भाबडी नव्हे. त्यात विरघळलेल्या द्रव्यांचे प्रमाण आपल्या रक्ताशी पुष्कळ मिळतेजुळते असल्याने पेशी त्यात काही तास तग धरतात. साध्या पाण्यात त्या फुगून फुटतात, म्हणून माती घालविण्यासाठी दात वाहत्या गार पाण्याखाली धरणे झालेच तर दहा सेकंदांपलीकडे धरू नये, आणि पेल्यातील पाण्यात तर ठेवूच नये. दूध नसेल तर ज्याचा दात त्याचीच लाळ वाटीत घ्यावी. मोठ्या माणसाने दात स्वतःच्या गालात धरून दवाखाना गाठला तरी चालते. लहान मुलाला मात्र हे सांगू नये, कारण दात घशात घालण्याची धमकी आपल्याकडे सर्रास दिली जात असली तरी तिची अंमलबजावणी घरच्या घरी करण्याचे प्रयोजन नाही.

सुश्रुताने भग्नचिकित्सेत, तरुणाचा न मोडलेला परंतु हललेला दात दाबून बसवावा, बाहेरून शीतल लेप द्यावेत आणि रोग्याला कमळाच्या देठातून दूध पाजावे, असे सांगितले आहे. वृद्धांच्या हललेल्या दातांचा नाद सोडावा, हेही त्याने तेथेच निर्विकारपणे नमूद केले आहे. तात्यांना हे ऐकविले तेव्हा त्यांनी सुश्रुताचे वय विचारले. अठराव्या शतकात लंडनचे शल्यवैद्य जॉन हंटर यांनी तर माणसाचा दात कोंबड्याच्या तुऱ्यात रोवून तो तेथे मूळ धरतो की काय याचा प्रयोग केला, आणि तो नमुना लंडनच्या हंटेरियन संग्रहालयात आजही जतन केलेला आहे. त्याच काळी तेथील धनिक लोक गोरगरिबांचे धडधाकट दात पैसे मोजून उपटवीत आणि आपल्या हिरड्यांत बसवून घेत. त्या मानाने स्वतःचाच दात स्वतःच्याच खोबणीत परत ठेवणे हा किती सात्त्विक व्यवहार आहे!

कौलाच्या पक्षावर अन्याय होऊ नये म्हणून सांगतो, की दुधाच्या दाताच्या बाबतीत त्यांची वहिवाटच ग्राह्य आहे. तो पुन्हा बसवू नये. खाली वाढत असलेल्या कायमच्या दाताच्या अंकुराला इजा होते. वरचे कायमचे पटाशीचे दात सातव्या-आठव्या वर्षी येतात, तेव्हा मुलाचे वय पाहावे, आणि डॉक्टरांना दाखवावे ते दोन्ही प्रसंगी. दात सापडलाच नाही तर तेही त्यांना आवर्जून सांगावे, कारण तो श्वासनलिकेत गेला नाही ना, याची खातरजमा करावी लागते.

आमच्या फलंदाजाचा दात शेजारच्या दातांना बारीक तारेने बांधून दोन आठवडे ठेवला, धनुर्वाताचे इंजेक्शन झाले, आणि मुळाची वाढ पूर्ण झालेली असल्याने पुढे रूट कॅनॉलही करावे लागले. त्याला मऊ भात खाण्याची शिक्षा झाली आणि तपासणीच्या तारखा पुढे काही वर्षे पडत राहतील, कारण असा दात उशिराने हाडाला चिकटून बसण्याची किंवा त्याचे मूळ झिजण्याची शक्यता उरतेच.

समस्त मुख्याध्यापकांना व क्रीडाशिक्षकांना माझी एक विनंती आहे. शाळेच्या प्रथमोपचार पेटीत आयोडीन, कापूस आणि मागील मुख्याध्यापकांच्या कारकिर्दीतील बँडेज असते. दूध तीत ठेवता येणार नाही हे मलाही समजते. परंतु शाळेसमोर अमृततुल्य असतेच. दात जागच्या जागी बसविण्याचे धैर्य कोणाला झाले नाही तर तेथून पेलाभर दूध, उकळत्या पातेल्यातील नव्हे, पिशवीतील थंड आणि बिनसाखरेचे, धावत जाऊन आणण्यासाठी एक चपळ विद्यार्थी आजच मुक्रर करून ठेवावा, आणि त्याच फेरीत शिक्षकांचा चहा सांगून येण्यास त्याला सक्त मनाई करावी.