मेन पिक्चरच्या आधी

आमच्या लहानपणी सिनेमाला वेळेवर पोचणं हे अडाणीपणाचं लक्षण होतं. तीनचा खेळ असला तर वडील तीनला पायात चपला सरकवत. आईनं घाई केली की म्हणत, "अगं, अजून डॉक्युमेंटरी चालू असेल." फिल्म्स डिव्हिजनचा माहितीपट मेन पिक्चरच्या आधी दाखवणं थिएटरवाल्यांना सक्तीचं होतं; बघणं आम्हाला नव्हतं. त्यामुळे आत पडद्यावर कुठल्यातरी धरणाचे दरवाजे उघडत असताना आम्ही बाहेर वेफर्सची पुडी उघडत असू. आतून तो ठणठणीत सरकारी आवाज ऐकू यायचा. पूर असो, दुष्काळ असो की भाताचं विक्रमी पीक, त्या आवाजाचा उत्साह तसूभरही हलायचा नाही.

आता त्याच फिल्म्स डिव्हिजनच्या पेडर रोडवरच्या आवारात, गळ्यात बिल्ला अडकवून, मी माहितीपटांसाठी रांगेत उभा राहतो. 'मिफ' म्हणजे माहितीपट, लघुपट आणि ॲनिमेशनपटांचा मुंबईचा आंतरराष्ट्रीय महोत्सव. १९९० साली सुरू झाला, दोन वर्षांनी एकदा भरतो. इथे आल्यावर कळलं, की १९६८ सालचा फली बिलिमोरियांचा 'द हाऊस दॅट आनंदा बिल्ट', ओडिशातल्या एका कुटुंबाची साधीसुधी गोष्ट, थेट ऑस्करच्या नामांकनापर्यंत गेला होता. म्हणजे असलं काही आत चालू असताना आम्ही बाहेर वेफर्स खात होतो! त्याच साली प्रमोद पतींनी याच सरकारी खात्यात 'एक्सप्लोरर' नावाचा लघुपट केला. निवेदन नाही, गोष्ट नाही; नाचणारी तरुण मंडळी आणि चित्रांचा असा सपाटा, की पापणी लवायला सवड नाही. हा प्रस्ताव फायलीतून टेबलाटेबलांवर फिरताना त्यावर काय काय शेरे पडले असतील, ते वाचायला मी वेगळं तिकीट काढीन.

मराठी माणसाला तर या महोत्सवात फुकट प्रवेश असायला हवा. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे आपले सावेदादा, यांनी १८९९ साली हँगिंग गार्डनमधली एक कुस्ती कॅमेऱ्यात पकडली. ही जागा महोत्सवाच्या आवारापासून फार लांब नाही, वरच्या टेकडीवरच. दोन पैलवान, एक कॅमेरा, निकाल स्पष्ट. त्यानंतर या कलेनं अफाट प्रगती केली. आता कोण चीत झालं ते शेवटपर्यंत कळत नाही.

लांबीबद्दल माझी तक्रार नाही. आनंद पटवर्धनांचा 'जय भीम कॉम्रेड' तीन तासांहून मोठा आहे. १९९७ च्या रमाबाई नगरच्या गोळीबारापासून पुढे १४ वर्षं त्यांनी तो टिपला. त्यातले शाहीर गायला लागले की मनगटावर घड्याळ आहे हेच विसरायला होतं. उलट धुक्यावरच्या एका छोट्याशा लघुपटात मला ते घड्याळ सारखं दिसत होतं, कारण पडद्यावर दुसरं काहीच दिसत नव्हतं.

माझ्याबरोबर एक स्नेही असतात. संवेदनशील गृहस्थ. समुद्रातली मासळी कशी संपत चालली आहे, यावरचा माहितीपट बघून बाहेर आले ते डोळे पुसतच. थोडं चालल्यावर म्हणाले, "चला, आहे तोवर पापलेट खाऊन घेऊ."

पण खरी मजा पडदा विझल्यावर. दिग्दर्शक पुढे येतो, माइक फिरू लागतो आणि इतका वेळ डोळे मिटून चिंतन करणारे सगळे जागे होतात. पहिले गृहस्थ नेहमीच "माझा प्रश्न नाही, निरीक्षण आहे" म्हणून उठतात. त्यांच्या निरीक्षणाला मध्यंतर ठेवायची सोय अजून झालेली नाही. दुसऱ्याला कॅमेरा कुठला ते हवं असतं. तिसऱ्याला समाजासाठी संदेश. चौथा पुढच्या खेळाची जागा धरायला शेवटच्या पाच मिनिटांत आलेला असतो. त्याचा प्रश्न सगळ्यांत सखोल.

मागच्या खेपेला मराठवाड्यातल्या ऊसतोड कुटुंबावरचा एक माहितीपट होता. पोरसवदा दिग्दर्शक, अंगात चुरगळलेला झब्बा. बिचारा स्थलांतराच्या अर्थकारणावरच्या प्रश्नांची तयारी करून आला होता. एसीच्या गारठ्यात कानटोपी घालून बसलेल्या एका आजींनी माइक मागितला.

"बाळा, छान केलंयस. पण ती माणसं कारखान्यावर गेली, तेव्हा ती काळी शेळी खुंट्याला तशीच दिसत होती. गाभण होती ना ती?"

"हो, आजी."

"मग तिचं पुढे काय झालं?"

दिग्दर्शकानं माइक एका हातातून दुसऱ्या हातात घेतला.

"माझ्याकडे आहे. पुण्यात. फ्लॅटमध्ये. सोसायटीची नोटीस आलीय."

त्या दिवसातली पहिली मनापासूनची टाळी तेव्हा पडली. निरीक्षणवाल्या गृहस्थांनी तर माइकची वाटही पाहिली नाही, उभे राहून खणखणीत आवाजात त्यांनी आयुष्यातला पहिला प्रश्न विचारला, "कितवा मजला?"