परदेशी पाहुण्यांची सोय

आजीच्या ओसरीवर पेरू-मिरची खाणारा मिठू पाळणं हा गुन्हा आहे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं देशी पोपटाला संरक्षण दिलंय. त्याला पिंजऱ्यात कोंडलंत की वनखातं दारात. लक्ष्मी येते म्हणून चांदणी कासव टबात सोडलंत, तरी तेच. लक्ष्मी येण्याआधी फॉरेस्टवाले येतील.

मात्र आफ्रिकेतला राखाडी पोपट, दक्षिण अमेरिकेतला हिरवा इग्वाना किंवा बॉल पायथन घरात असेल, तर सरकार अदबीनं ‘परिवेश’ पोर्टलकडे बोट दाखवतं. २०२२ची कायदादुरुस्ती आणि २०२४चे नियम सांगतात : नोंदणी करा. दुसऱ्याला दिलात तर कळवा, पिल्लं झाली तर कळवा, मेला तरी कळवा. (घरच्या जावयाच्या हालचालींचीही इतकी चोख नोंद कुणी ठेवत नाही.)

कायदा एक वेळ परवडला. सोसायटीची कमिटी हे खरं अरण्य. तिथं इग्वाना सहज पास होतो. भुंकत नाही, रात्री पार्ट्या करत नाही आणि पूर्ण शाकाहारी. बॅचलर आहे, तेवढंच जरा खटकतं. अजगराची फाइल मात्र अडते, कारण उंदीर खातो म्हणजे नॉनव्हेज. पेस्ट कंट्रोलचा खर्च वाचेल, हा मुद्दा खजिनदारांना पटतो. तरी सेक्रेटरी विचारतातच, “हे मालकाबरोबर राहणार की भाडेकरू? नाही, नॉन-ऑक्युपन्सी चार्ज लावावा लागेल.”