भिंतीवरचे काकाजी

वर्ध्यातल्या आमच्या गल्लीत काकाजींच्या आधी त्यांचं तेल येऊन पोचतं. तिळाचा वास आला तर स्वारी खुशीत आहे, करंजाचा आला तर अंगाला खाज सुटली आहे आणि एरंडेलाचा आला तर लेकरं मागच्या दारानं पसार होतात.

"काऊन बाप्पा, केस किती रुखे झाले तुमचे!" हा त्यांचा रामराम. आपण उत्तर द्यायच्या आत पिशवीतून बाटली निघते आणि आपल्या तळहातावर थेंब पडतो. "चोळा. सुंगा. हे घाण्याचं आहे!"

मग इतिहास. गांधीजींनी 1934 साली ग्रामोद्योग संघ वर्ध्यातच काढला, जमनालालजींनी मगनवाडी दिली, कुमारप्पांनी कारभार सांभाळला, झवेरभाई पटेलांनी बैलघाणी सुधारली. काकाजींचा जन्म 1951 चा. पण ऐकणाऱ्याला वाटावं, बैल हाकायला हेच होते. "लाट हळू फिरली पायजे. तेल तापलं का गेलं!" त्यांचा घाणा आता मोटारीवर फिरतो, हे मात्र काढायचं नसतं.

काकूंचं म्हणणं एवढंच, की लग्नात आलेले पांढरे अभ्रे पहिल्याच वर्षी खाकी झाले.

गेल्या हिवाळ्यात काकाजींनी जवसाला हात घातला. जवस आपल्या विदर्भाचं पीक, चटणीला एक नंबर, मग डोक्याला काऊन नाही? पण हे तेल हवेनं सुकतं आणि त्याचा पापुद्रा धरतो. आठ दिवसांत कंगवा केसांत रुतला तो रुतलाच. नातू म्हणाला, "आजोबा, हे तर आम्ही बॅटला लावतो." काकाजी म्हणाले, "मंग? बॅट तुटली का कधी?"

ओसरीत त्यांच्या खुर्चीमागे, डोक्याच्या उंचीवर, भिंतीला ताटलीएवढा तेलकट डाग आहे. यंदा दिवाळीला पेंटरनं तो घासला, वर दोन हात मारले. डाग पुन्हा हजर. त्यानं भिंतीचा वास घेतला, मग काकाजींच्या डोक्याचा.

"काकाजी, जवस का?"

"घाण्याचं!"

"आम्ही बी रंगात हेच टाकतो न जी."

काकाजी घराकडे तोंड करून ओरडले, "आयकलं का? एक हात तर मीच मारून ठेवला! त्याच्या मजुरीतून कापा."