इनात

सहल कंपनीबरोबर जायचं नाही, हा हिचा हट्ट. "झेंड्यामागे पळत सुटायचं आणि अर्ध्या तासात एक शहर उरकायचं, त्यापेक्षा घरी बसलेलं बरं," असं म्हणून तिने जेवणाच्या टेबलावर बाल्कनचा नकाशा पसरला. मे महिन्यात आम्ही सारायेव्होत उतरलो. सामान दोन बॅगा आणि हिच्या हातचा दोन किलो चिवडा.

बाश्चार्शिया या तुर्कांच्या वेळच्या बाजारात पहिल्याच सकाळी मला वाटलं, आपल्याला इथली भाषा येते. दुकान म्हणजे 'दुचान', चहा म्हणजे 'चाय', बदाम म्हणजे 'बादेम' आणि दुश्मन तर दुश्मनच! फारसी-अरबी शब्दांचं जे गाठोडं आपल्याकडे सुलतानांबरोबर आलं, तेच इकडे तुर्कांनी आणून सोडलेलं. काझांजिलुक नावाच्या गल्लीत तर ठोक-ठोक चालली होती. आमची तांबट आळीच ती.

या बळावर मी बुरेकच्या दुकानात शिरलो. "चीजचा बुरेक द्या."

"बुरेक म्हणजे मांसाचा," दुकानदार म्हणाला. "चीजची ती सिर्नित्सा."

"बरं, मग पालकाचा बुरेक."

त्याने हातातली सुरी खाली ठेवली. पुरणपोळीला कुणी पराठा म्हणावं, तसा चेहरा झाला होता त्याचा. पालकाची झेल्यानित्सा, बटाट्याची क्रोम्पिरुशा, आणि बुरेक फक्त एकच. हे मला म्हणायला लावून, मगच त्याने वजन केलं. झेल्यानित्सा उत्तम होती, हे नाइलाजाने सांगतो.

दुपारी मिल्यात्स्का नदीकाठच्या 'इनात कुचा'मध्ये जेवलो. कुचा म्हणजे घर. ऑस्ट्रियाच्या राजवटीत नदीपलीकडे नगरभवन बांधायचं ठरलं, तेव्हा हे घर त्या जागेवर उभं होतं. मालक हटून बसला. शेवटी, असं सांगतात, सोन्याच्या नाण्यांची थैली घेतलीच, शिवाय वीट न् वीट या काठावर आणून घर जसंच्या तसं उभं करून मागितलं. नगरभवन 1896 मध्ये उघडलं, 1992 च्या वेढ्यात आतल्या ग्रंथांसकट जळलं, 2014 मध्ये पुन्हा उघडलं. घर समोर टक लावून बसलेलंच आहे.

"इनात म्हणजे नेमकं काय?" मी वेटरला विचारलं. स्वतःचं नुकसान झालं तरी चालेल, पण समोरच्याचं चालू द्यायचं नाही, असं काहीसं त्याने समजावलं. मराठीत याला काय म्हणावं, याचा मी विचार करू लागलो.

"शब्द कशाला हवा?" ही माझ्याकडे बघत म्हणाली. "माणूस आहे ना."

मग मोस्तारला गेलो. तिथला पूल 1566 सालचा. 1993 च्या युद्धात तोफांनी पाडला, 2004 मध्ये पुन्हा तसाच बांधला. कठड्यावर एक तरुण चड्डीवर उभा राहतो, त्याचा जोडीदार टोपी फिरवतो, आणि पुरेसे पैसे जमले की तो वीस मीटरहून जास्त उंचीवरून खालच्या नेरेत्वा नदीत उडी घेतो. मी ठरवलं, दुसरे देतील की! दुसऱ्यांनीही तेच ठरवलं असावं. चाळीस मिनिटांनी त्याने शर्ट चढवला आणि निघून गेला.

परत येऊन बेलग्रेडला निघालो. तिकडच्या बहुतेक बस सारायेव्होच्या मुख्य स्थानकातून सुटतच नाहीत, पूर्व सारायेव्होतून सुटतात, हे आम्हाला मुख्य स्थानकात पोहोचल्यावर कळलं. मग ट्रॉलीबसने शेवटच्या थांब्यापर्यंत, पुढे बॅगा ओढत पायी. दोन्ही सारायेव्होंमधली हद्द दिसत नाही; पाट्यांवर सिरिलिक अक्षरं वाढली, की ओलांडली समजायची.

बसच्या पोटात बॅगा ठेवायचे ड्रायव्हरने दोन-दोन मार्क मागितले.

"तिकिटात सामान आलंच की," मी मराठीत म्हणालो. त्याने हाताची घडी घातली. मीही घातली.

"अहो, चार मार्कांसाठी?"

"चार मार्कांचा प्रश्न नाहीये."

ड्रायव्हरने सिगारेट पेटवली. मी चिवड्याची पुडी फोडली. बस सुटायला सात मिनिटं होती. ही आम्हा दोघांच्या मधून वाट काढत वर चढली आणि खिडकीची जागा धरून बसली.